दिवा बंद, दिवा चालू


आज बोलू या छोट्या भयपटांविषयी.
स्वतंत्रपणे, अगदी थोड्या साधनांत केलेल्या भयपटांविषयी.

स्वीडनच्या डेव्हिड सँडबर्ग यांनी 2013 साली एक लघुपट केला.
नाव, ‘लाइट्स आउट’.
पडद्यावर त्यांची पत्नी, लोटा लोस्टेन.
चित्रीकरण राहत्या घरात.
लांबी तीन मिनिटांहूनही कमी.

गोष्ट ऐका.
रात्रीची वेळ. घरात एकटी बाई.
ती दिवा बंद करते…
अंधारात कुणीतरी उभं दिसतं.
ती दिवा लावते…
तिथं कुणीच नाही.
पुन्हा बंद… पुन्हा ती आकृती.

बस्स, एवढंच!
दिव्याचं एक बटण, आणि लहानपणापासून आपल्या मनात बसलेली अंधाराची भीती.
एवढ्यावर अंगावर काटा आणणं, ही मला फार मोठी कला वाटते.

हा लघुपट एका स्पर्धेसाठी केला होता.
पण इंटरनेटवर लोकांनी तो पाहिला.
एकमेकांना पाठवला.
मग हॉलिवूडनं दखल घेतली.
2016 साली त्याच नावाचा मोठा चित्रपट आला.
दिग्दर्शक तेच, सँडबर्ग.

म्हणजे बघा, या लघुपटाला मोठं केलं ते प्रेक्षकांनी.

आणखी लघुपट पाहायचे, तर आपल्या मुंबईत त्यांचा आणि माहितीपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो.
जमेल तेव्हा जरूर जा.
आणि लघुपट आवडला, तर गप्प बसू नका.
त्याचं नाव सांगा, दिग्दर्शकाचं नाव सांगा.
निदान चार जणांना तरी सांगा.