छोट्या डब्यात मोठं ग्राफिक्स कार्ड? आधी पट्टी घ्या
(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

 

आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, हे आमचं काम नव्हे. पण आहे. गटाच्या बैठकीत कर्जाची मागणी वाचताना शेळी, शिलाई मशीन, पिठाची गिरणी, मुलीची फी हे शब्द आपल्या कानाला सवयीचे. हल्ली त्यात एक नवा शब्द यायला लागलाय, तो म्हणजे ग्राफिक्स कार्ड. पोरगा किंवा पोरगी आईच्या मागे लागते, आई गटाकडे येते, आणि तीस हजारांचा आकडा ऐकून बाकीच्या बायका एकमेकींकडे बघतात. विचारायचं काय, तेच कळत नाही. मग एक तर पटकन हो म्हटलं जातं, नाही तर "गेम खेळायला कर्ज?" म्हणून त्या बाईला खाली मान घालून परत पाठवलं जातं. मला दोन्ही पटत नाही. वस्तू काय आहे ते समजून घेतलं, तर ठराव आपला आपल्याला करता येतो.

तर आधी वस्तू. टेबलाखाली किंवा टेबलावर जो डबा असतो, त्याला आपण सगळे सीपीयू म्हणतो. दुकानदार त्याला कॅबिनेट म्हणतात. खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, आत चार बोटांवर मावेल एवढा असतो. तो हुशार आहे, सगळी कामं करतो, पण एका वेळी थोडीच. आता पडद्याचा विचार करा. साध्या फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार केला तर वीस लाखांच्या वर ठिपके होतात. चित्र हलतं दिसायला ते ठिपके सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगवायचे. एका बाईने, ती कितीही हुशार असो, एवढी रांगोळी काढायची म्हटली तर रात्र उलटेल. तिथे शंभर-दोनशे बायका एकदम बसवाव्या लागतात, प्रत्येकीने आपापले ठिपके भरायचे. ग्राफिक्स कार्ड म्हणजे त्या बसवलेल्या बायका. आरटीएक्स ४०६० नावाच्या मधल्या दर्जाच्या कार्डात असे तीन हजारांवर छोटे कामकरी भाग आहेत.

हे फक्त खेळासाठीच लागतं असंही नाही. आपल्या दारातच बघा. शेंद्र्याच्या एमआयडीसीत २००१ पासून स्कोडाच्या गाड्या बनतात. नंतर ऑरिक आलं. ७ सप्टेंबर २०१९ ला ऑरिक हॉलचं उद्घाटन झालं, त्याच दिवशी उमेदच्या बचत गटांचा राज्यस्तरीय मेळावाही झाला, तुमच्यापैकी कितीतरी जणी तिथे असतील. या कारखान्यांत जो सुटा भाग बनतो, त्याचा साचा आधी संगणकावर काढला जातो. चिकलठाण्याच्या इंडो जर्मन टूल रूममध्ये आपल्या भागातली मुलं-मुली हेच काम शिकतात. तेव्हा एखादी मुलगी "मला कॅडसाठी चांगला संगणक हवा" म्हणाली, तर ती बहाणा करते आहे असं धरून चालू नका.

मात्र इथेच पहिला प्रश्न विचारायचा, की नेमकं कुठलं सॉफ्टवेअर? ऑटोकॅडमध्ये सपाट नकाशे काढायचे असतील, तर मोठ्या कार्डाने फारसा फरक पडत नाही. तिथे प्रोसेसर आणि रॅम महत्त्वाचे. ब्लेंडरमध्ये त्रिमिती चित्रं तयार करायची असतील, व्हिडिओ कापायचे-जोडायचे असतील, तर कार्डाचा फायदा डोळ्यांना दिसतो. आणि कितीतरी जुने संगणक कार्ड नाही म्हणून हळू नसतात. त्यांच्यात जुनी फिरती हार्डडिस्क असते आणि रॅमची एकच पट्टी असते. तिथे एसएसडी टाकली, रॅमची दुसरी पट्टी लावली, की तीस हजारांचं काम पुष्कळ कमी पैशात भागतं. म्हणून मागणी आली की मी आधी विचारते, "आत्ता अडतंय कुठे? चालू व्हायला वेळ लागतो, की चित्र हलताना अडकतं?" चालू व्हायलाच वेळ लागत असेल तर कार्डाचा विषय तिथेच बाजूला ठेवा.

बरं, कार्डच हवंय असं ठरलं. आता खरी मेख. आजकाल मुलांना छोटे डबे आवडतात. घरात जागा कमी, टेबल लहान, आणि दिसायलाही सुबक. शिवाय ऑफिसांनी वापरून काढलेले कंपनीचे चपटे डबे बाजारात स्वस्तात मिळतात, तेही पुष्कळ घरांत आलेत. अशा डब्यात कार्ड बदलायचं तर कार्ड सगळ्यात शेवटी निवडायचं असतं. मुलं करतात उलटं. मोबाइलवर सगळ्यात भारी कार्ड बघून ठेवतात, आणि डब्याचं झाकण उघडलेलंच नसतं.

आमच्या ओळखीच्या एका घरी असंच चाललं होतं. पोराने पसंत केलेलं कार्ड तीन पंख्यांचं, लांबी तीस सेंटिमीटर. आईने शिवणाच्या डब्यातला टेप आणला आणि म्हणाली, "उघड रे झाकण." आत जागा भरली बावीस सेंटिमीटर. पोरगा गप्प. त्या माउलीला संगणकातलं काही कळत नव्हतं, पण ब्लाउजचं माप घेतल्याशिवाय कापड कापू नये एवढं कळत होतं.

मापं तीन घ्यायची. पहिलं लांबीचं, डब्याच्या मागच्या पत्र्यापासून पुढे पहिली अडचण येते तिथपर्यंत. दुसरं जाडीचं. मागच्या पत्र्याला पट्ट्यांची घरं असतात, एक घर साधारण दोन सेंटिमीटरचं. बहुतेक कार्डं दोन घरं अडवतात, मोठी तर अडीच-तीन. तिसरं माप आपण नेहमी विसरतो, ते उंचीचं. वायर वरच्या कडेला लागते, तिला वळायला जागा हवी, नाहीतर झाकण बसत नाही आणि जोर लावून बसवलं तर वायर दाबली जाते. ऑफिसच्या चपट्या डब्यात तर नेहमीच्या उंचीचं कार्ड उभंच राहत नाही. तिथे लो प्रोफाइल म्हणून बुटकं कार्ड मिळतं, तेच लागतं.

एक चांगली गोष्ट सांगते. एकाच नावाचं कार्ड वेगवेगळ्या लांबीत मिळतं. आरटीएक्स ४०६० तीन पंख्यांचंही आहे आणि दोन पंख्यांचं आखूडही आहे. आतली चिप तीच, वेगात फरक नावाला. आखूड कार्ड जरा जास्त आवाज करतं, जरा जास्त तापतं, एवढंच. तेव्हा जागा नाही म्हणून पोराने लगेच "मग नवा डबाच घेऊ" म्हटलं, तर घाई करू नका.

आता वीज. विहिरीवर साडेसात एचपीची मोटर बसवली आणि केबल, स्टार्टर तीन एचपीचेच ठेवले तर काय होतं, ते आपल्या प्रत्येक घराला माहीत आहे. डब्यातला स्टार्टर म्हणजे एसएमपीएस. त्याच्या अंगावर चिठ्ठी चिकटवलेली असते, त्यावर वॉट लिहिलेले असतात. ऑफिसच्या चपट्या डब्यांत तो बहुधा २०० ते ३०० वॉटच्या आसपास असतो, आणि त्याचा आकार त्या कंपनीपुरता वेगळा असतो, म्हणून बाजारातला दुसरा त्यात बसेलच असं नाही. आरटीएक्स ४०६० कार्ड स्वतः ११५ वॉटपर्यंत घेतं, आणि कंपनी सांगते की पूर्ण संगणकाला ५५० वॉटचा एसएमपीएस ठेवा. उलट आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं कार्ड ७० वॉटवर चालतं. ज्या खाचेत कार्ड बसतं, ती खाच ७५ वॉटपर्यंत देऊ शकते, म्हणून या कार्डाला बहुधा वेगळी वायर लागतच नाही. छोट्या डब्यासाठी मला तरी हेच कार्ड शहाणपणाचं वाटतं, आणि त्याची बुटकी जातही मिळते. नाव मात्र पूर्ण वाचा. याच ३०५० चं ८ जीबीचं कार्ड १३० वॉट घेतं आणि त्याला वायर लागते.

वायर लागते आणि एसएमपीएसला ती नाही, असं झालं की काही कारागीर हार्डडिस्कच्या पिनेला जोडणी लावून देतात. ते करू देऊ नका. ती पातळ पिन एवढा भार ओढायला बनवलेलीच नाही, ती वितळते. घरात आग लागायला एवढं पुरेसं आहे. यात काटकसर नको.

घरी छोटा यूपीएस असेल तर त्याचंही बघा. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटपर्यंत उचलतो. मॉनिटर, डबा आणि नवं कार्ड मिळून त्याच्या पुढे गेले, तर लाईट गेल्याबरोबर तो ओरडून बंद पडेल. आणि अर्थिंग नसलेल्या बोर्डावर एवढी महागाची वस्तू चालवू नये. तो खर्च आधी करा.

आपल्याकडचा उन्हाळा तर सांगायलाच नको. वर पत्रे, बाहेर बेचाळीस अंश, आणि त्या खोलीत बंद कपाटात ठेवलेला डबा. कार्ड फार तापलं की स्वतःला वाचवायला आपोआप वेग कमी करतं. म्हणजे पैसे मोजले ते वेगासाठी, आणि मिळतोय अर्धाच. डब्याभोवती सगळीकडून वीतभर मोकळी जागा ठेवा. संगणक चालू असताना त्यावर क्रोशाचा रुमाल अजिबात नको, कितीही सुंदर विणलेला असो. आपल्या धुळीमुळे दर दोन महिन्यांनी वायर काढून ब्लोअर मारायचा, मारताना पंखा बोटाने धरून ठेवायचा.

बसवणं फार अवघड नाही. पण मुलांना घाई असते, म्हणून शेजारी बसा. बटण बंद, मग वायरही काढायची. काढल्यावर चालू करायचं बटण एकदा दाबून धरायचं, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. हवा कोरडी असेल तर नायलॉनच्या साडीची सूक्ष्म वीज त्या चिपला बाधू शकते. सुती कपडे घाला आणि आधी डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावा. जुनं कार्ड ओढून काढू नका. खाचेच्या टोकाला एक छोटी खिट्टी असते, ती दाबायची, मागचा स्क्रू सोडवायचा, मग ते सहज येतं. नवं बसवताना खट्‌ आवाज आला पाहिजे. आणि सगळ्यात जास्त घरांत होणारा घोटाळा म्हणजे मॉनिटरची वायर जुन्याच जागी, मदरबोर्डला लावलेली राहते. मग पडदा काळा तरी राहतो, नाहीतर चालतो पण काडीचा फरक दिसत नाही. वायर नव्या कार्डाला लावायची आणि त्याचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर कंपनीच्या साइटवरूनच उतरवून घ्यायचं.

वापरलेलं कार्ड स्वस्तात मिळतं, पण जपून. इथेरियम नावाच्या आभासी चलनाच्या मागे लागून लोकांनी ही कार्डं महिनोन्‌महिने रात्रंदिवस चालवली. सप्टेंबर २०२२ मध्ये त्या चलनाची पद्धत बदलली आणि ती सगळी कार्डं बाजारात आली. काही अजून फिरताहेत. समोर अर्धा तास चालवून दाखव म्हणा. काही कार्डांवर नावच खोटं घातलेलं असतं, ते जीपीयू-झेड नावाच्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये कळतं. बिल घ्या, बिलावर कार्डाचा सिरियल नंबर लिहून घ्या. अनोळखी माणसाला आधी पैसे पाठवू नका. फसवणूक झालीच तर १९३० या नंबरवर लगेच फोन करा. दुकानदार वॉरंटी नाकारत असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

आता गटाचा हिशेब. तीस हजारांचं कर्ज, महिना दोन टक्के घटत्या बाकीवर, आणि अडीच हजारांचे बारा हप्ते. व्याज होतं ३,९०० रुपये. तेच सोळा हजारांत भागलं तर व्याज २,०८० रुपये. झाकण उघडून माप घेतल्याचा फायदा हा असा वहीत दिसतो. मुलगी कामासाठी मागत असेल, तर ती महिन्याला काय कमावणार याचा अंदाज आईने नाही, तिने स्वतः बैठकीत येऊन सांगावा. तिला बोलू द्या, तिला प्रश्न विचारा. आणि नुसत्या खेळासाठी असेल तर? खेळ वाईट नाही, पोरींनीही खेळावा. पण तो पैसा पोराने सुट्टीत काम करून जमवावा, गटाच्या पेटीतला नको, असं माझं स्पष्ट मत आहे. तुमच्या गटाचं वेगळं असू शकेल, ठराव तुम्ही घालायचा आहे.

जुनं कार्ड लगेच भंगारवाल्याला देऊ नका. नवं महिनाभर नीट चालेपर्यंत कापडात गुंडाळून ठेवा. नंतर चालू स्थितीतलं म्हणून विकलं तर एखादा हप्ता त्यातून निघतो. तुमच्या गटात अशी मागणी आली असेल तर डब्याची तिन्ही मापं आणि एसएमपीएसच्या चिठ्ठीवरचे वॉट एका कागदावर लिहून पुढच्या बैठकीला आणा. मी येईन, तेव्हा आपण ती एकत्र बसून बघू.