खालची पट्टी



चित्रकलेवरचे व्याख्यान अजिंठ्यापासून सुरू करावे, असा आपल्याकडे शिरस्ता आहे. मी ते दारव्ह्याच्या एका किराणा दुकानापासून सुरू करणार आहे. दुकान माझ्या आजोबांचे. गल्ल्याच्या वर एक खिळा होता, आणि त्या खिळ्याला दरसाल कुणा घाऊक व्यापाऱ्याकडून भेट आलेले नवे कॅलेंडर लागत असे. वर्ष सरले की त्या कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर उधारी टिपायची, नाहीतर आम्हा पोरांच्या पुस्तकांना कव्हरे घालायची. पण चित्र लक्ष्मीचे असेल तर? देवाचा कागद चुलीत घालवत नाही. मग तो फ्रेमवाल्याकडे जाई. फ्रेमवाला काय करी? पट्टी धरून खालचा भाग, ज्यावर व्यापाऱ्याचे नाव आणि गाव छापलेले असे तो, सरळ कापून टाकी. वरचे चित्र काचेत जाई आणि देवघराच्या भिंतीवर चढे. ज्याने पैसे मोजले त्याचे नाव केराच्या टोपलीत, आणि ज्याने चित्र काढले त्याची कोपऱ्यातली सही घरात कायमची!

ही सही पुष्कळदा दोघांपैकी एकाची असे. एक दीनानाथ दलाल, दुसरे रघुवीर मुळगावकर. दोघेही मूळचे गोव्याचे. दलालांचा जन्म १९१६ सालचा, मुळगावकरांचा १९१८ चा. दोघांनीही मुंबईत नाव कमावले. आणि दोघांच्याही नावामागे समीक्षकांनी एक शब्द चिकटवला : ‘कमर्शियल’. आपल्या भाषेत, बाजारू. आज मला त्या शब्दाबद्दल बोलायचे आहे.

बाजाराशी चित्राचे नाते काही या दोघांनी जोडले नाही. आपल्या वऱ्हाडचा कापूस गाठी बांधून बाहेर जाई आणि विलायती कापड होऊन परत येई, तेव्हा मँचेस्टरच्या त्या ताग्यांवर रंगीत तिकिटे चिकटवलेली असत. त्यांवर आपलेच देव! ज्याला अक्षर वाचता येत नाही त्याने चित्रावरून माल ओळखावा, ही त्यातली मेख. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि शकुंतला-दमयंती घरोघर पोचल्या. पुढे १९३५ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये कमर्शियल आर्टचा वर्ग निघाला, म्हणजे सरकारनेही हा धंदा शिकवण्याजोगा मानला. १९४६ साली एअर इंडियाचा तो मिशाळ महाराजा जन्मला. बॉबी कूका यांची कल्पना आणि उमेश राव यांचा कुंचला. महाराजा सर्वांना ठाऊक, उमेश राव किती जणांना? जाहिरातीतल्या चित्रकाराचे हे नेहमीचे भाग्य आहे.

दलालांनी या भाग्याशी जो झगडा केला, तो मला विलक्षण वाटतो. १९४४ साली त्यांनी स्वतःचा दलाल आर्ट स्टुडिओ काढला, आणि दुसऱ्याच वर्षी, १९४५ मध्ये, ‘दीपावली’ हे वार्षिक सुरू केले. म्हणजे गिऱ्हाइकाने सांगितलेले चित्र एका हाताने काढायचे, आणि कुणीही न सांगितलेले चित्र छापायची जागा दुसऱ्या हाताने उभी करायची. चित्रकार स्वतःच मालक, संपादक आणि कारागीर! अंकाच्या मुखपृष्ठासाठी वाचक वाट पाहत. बाबासाहेब पुरंदऱ्यांच्या ‘राजा शिवछत्रपति’तली दलालांची चित्रे आठवा. तिथे रेषा कशी पळते! घोडा, भाला, डोंगराची धार. मोजक्या फटकाऱ्यांत सारे उभे राहते.

मुळगावकरांचे तंत्र अगदी वेगळे. त्यांचा हात स्प्रेवर. रंगाचा बारीक फवारा सोडायचा. जिथे रंग नको तिथे कागद कापून झाकायचा. तो उचलून दुसरीकडे ठेवायचा, पुन्हा फवारा. असे थरावर थर चढले की गालावरची झाक कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते डोळ्याला कळत नाही. त्यांच्या देवांच्या अंगावर जे तेज दिसते ते या धुक्याचे आहे. आणि हाच माणूस बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर पिस्तूलवाले मुखपृष्ठही काढी! दलाल थोर की मुळगावकर, यावर आमच्या तारुण्यात कडाक्याची भांडणे होत. मी दलालांच्या पक्षाचा होतो; अजूनही आहे. पण गणपती घ्यायचा तर मुळगावकरांचाच, हेही मान्य करतो.

यात छपाईची अडचण लक्षात घ्या. रंगीत चित्राचे तांबडा, पिवळा, निळा आणि काळा असे वेगळे ठसे होत, आणि ते एकावर एक नेमके बसावे लागत. केसभर सरकले तर लक्ष्मीला दोन नाके! चित्रकाराला आपले चित्र या यंत्रातून गेल्यावर कसे उरेल, हे आधीच ओळखून रंग लावावे लागत. दालनात टांगायच्या चित्राला ही परीक्षा नसते.

अमेरिकेत नॉर्मन रॉकवेल नावाचा असाच एक चित्रकार होऊन गेला. १९१६ ते १९६३ पर्यंत एकाच साप्ताहिकासाठी त्याने तीनशेहून अधिक मुखपृष्ठे काढली, शिवाय जाहिरातीही. तिथल्या पंडितांनीही त्याला बराच काळ दाराबाहेर उभे केले. आज त्याच्या नावाचे संग्रहालय आहे.

दोष सांगितले नाहीत तर मी भाट ठरेन. या चित्रांतली स्त्री नेहमी गोरी, नेहमी कमळाच्या डोळ्यांची. खेडवळ बाई काढली तरी तिच्या टाचेला भेग नाही. आपल्या जिल्ह्यात कापूस वेचणारी बाई, तांड्यावरची बंजारा बाई, कोलामाच्या पोडावरची म्हातारी कॅलेंडरवर मला कधी सापडली नाही. पण हा दोष एकट्या चित्रकाराचा म्हणता येईल का? ते चित्र आपल्याच घरांसाठी काढलेले होते. माझ्या आजीने भेगाळलेल्या टाचेचे चित्र भिंतीवर लावले असते, असे मला वाटत नाही. ती आरशात रोज तेच पाहत होती.

दलाल १९७१ साली गेले, मुळगावकर १९७६ साली. त्या दोन मृत्यूंच्या मधेच, १९७३ मध्ये, ‘कालनिर्णय’ आले. खिळा तोच राहिला. त्यावर तिथी, मुहूर्त आणि दुधाचा हिशेब आला, आणि चित्राची जागा आक्रसली.

आजोबांचे दुकान आता नाही. फ्रेम केलेली लक्ष्मी माझ्याकडे आहे. मागचा पुठ्ठा मी एकदा उघडून पाहिला, तेव्हा फ्रेमवाल्याने पट्टी कापलीच नव्हती, नुसती मागे दुमडली होती असे दिसले. यवतमाळच्या एका कापडदुकानाचे नाव तिथे अजून स्वच्छ वाचता येते. दिवाळीच्या सफाईत आपल्याही घरातली अशी एखादी तसबीर खाली उतरेल, तेव्हा काच पुसण्याआधी कोपऱ्यातली सही पाहा आणि पुठ्ठा उघडून मागची पट्टीही पाहा.