उचल, खर्ची आणि पावशेर



मी शहापूरकडचा. मुंबईत एक वाक्य फार ऐकतो : "हे कातकरी दारूनंच मेले." आज या वाक्याची चिरफाड करायची आहे.

शहापूर-मुरबाडच्या वाड्यांतली माणसं दिवाळीनंतर भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. आधी शेठ 'उचल' देतो. पावसाळ्यातली उपासमार, लग्न, आजारपण, सगळं त्यात जातं. मग भट्टीवर नवरा, बायको, पोरं राबतात. आठवड्याला हातात पडते ती नुसती 'खर्ची'. बाकी हिशोब पाऊस तोंडावर आला की. वही शेठची, आकडाही शेठचाच. खर्चीच्या दिवशी गुत्तेवाला बरोबर हजर. खर्ची तिथं गेली की तांदळासाठी पुन्हा शेठपुढं हात. तो आकडा वहीत चढतो. हंगाम सरतो, उचल फिटत नाही. पुढच्या दिवाळीला माणूस त्याच भट्टीवर. वेठबिगारी म्हणे १९७६ च्या कायद्यानं संपली!

ही दारू आली कुठून? मोह जंगलात होताच. आदिवासी त्याची फुलं सुकवून खायचे, सणाला गाळायचेही. इंग्रजांनी १८७८ च्या अबकारी कायद्यानं घरची गाळणी गुन्हा ठरवली. १८९२ च्या मोह कायद्यानं ठाणे-कुलाब्यात फुलं गोळा करण्यावरही निर्बंध आणले. खायचं फूल गेलं, सरकारमान्य गुत्ता आला. त्याच १८९२ साली तानसा धरण पुरं झालं. शहापूरचं पाणी मुंबईला, मुंबई सरकारचा गुत्ता शहापूरला. असा हा सौदा! आजही राज्य सरकार दारूतून वर्षाला वीस हजार कोटींच्या वर कमावतं आणि १९४९ चा दारूबंदी कायदाही कपाटात जपून ठेवतं.

आता शरीराचं बोलू. अर्धपोटी माणसाचं लिव्हर लवकर सडतं, पोटात पाणी होतं. टीबीची गोळी चुकते, टीबी उलटतो. हातभट्टीच्या नावाखाली मिथेनॉल विकलं तर शरीरात त्याचं फॉर्मिक ॲसिड बनतं. ते आधी डोळे घेतं, मग जीव. २०१५ साली मालवणीत शंभरावर माणसं अशीच मेली. कोण होती ती? झोपडपट्टीतली, हातावर पोट असलेली.

म्हणून पिणाऱ्याला माफी आहे, असं नाही. तो रात्री येऊन जिला मारतो, तीही दिवसभर त्याच भट्टीवर खपलेली असते. तिला कोण विचारणार? आणि बाबासाहेबांनी १९५६ ला नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू सोडण्याचीही प्रतिज्ञा आहे, हे जयंतीच्या रात्री आपल्या वस्तीत कुणाला आठवतं?

तेव्हा नुसती भाषणं पुरे. भट्टीवर चला. वहीची नक्कल मजुराच्या हातात मागा. खर्ची बाईच्या हातात द्यायला लावा. परवान्याचं दुकान असेल तर बायकांच्या मागं उभं राहून आडव्या बाटलीचं मतदान घ्यायला लावा. आणि एक ध्यानात ठेवा : रोज पिणाऱ्यानं एकदम सोडली तर झटके येतात, भ्रम होतो, जीवही जातो. त्याला शपथा घालू नका, सरकारी दवाखान्यात न्या.

बेवडा म्हणून थुंकणं सोपं आहे. वही उघडायला लावणं अवघड. आपल्याला तेच करायचं आहे.

जयभीम!