गुलमर्गचा पहिला बर्फ



महाराष्ट्रातून काश्मीरला जाणाऱ्यांपैकी बहुतेकांनी गुलमर्ग पाहिलेलं असतं ते एप्रिल-मे महिन्यात, मुलांच्या परीक्षा संपल्यावर. तेव्हा तिथे हिरवळ असते, घोडेवाले असतात आणि वर अफरवट शिखराच्या माथ्यावर थोडा मळकट बर्फ उरलेला असतो. मला आज बोलायचं आहे ते डिसेंबरातल्या गुलमर्गबद्दल. हंगामातला पहिला मोठा बर्फ रात्रभर पडून सकाळी आभाळ निवळतं, त्या दिवशी स्की पायाला बांधून उतारावर उभं राहण्याचं सुख मी अनुभवलेलं आहे. ते तुमच्यापैकी अनेकांना घेता येण्यासारखं आहे, म्हणून हे सांगतो आहे.

हा बर्फ येतो फार लांबून. हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूने पश्चिमी झंझावात निघतात. वाटेत बाष्प गोळा करत ते इराण, अफगाणिस्तान ओलांडून पीर पंजालच्या रांगेवर येऊन चढतात आणि तिथे रिकामे होतात. या झंझावातांशी आपलाही संबंध आहे. ते पुढे सरकले की उत्तरेचे कोरडे वारे खाली वाहू लागतात आणि निफाडचा पारा उतरतो. द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, त्याच्या आदल्या दोन-तीन दिवसांत गुलमर्गला अनेकदा बर्फ झालेला असतो.

काश्मिरी माणसाला या पहिल्या बर्फाचं अप्रूप फार जुनं आहे. नीलमतपुराणात नव्या हिमवृष्टीच्या उत्सवाचं वर्णन सापडतं. आजही पहिला बर्फ पडला की लोक एकमेकांना मुबारक म्हणतात. २१ डिसेंबरला चिल्लई कलान सुरू होतो. हे कडाक्याच्या थंडीचे ४० दिवस. त्यात पडलेला बर्फ टिकतो, डोंगरात मुरतो आणि उन्हाळ्यात झेलमच्या खोऱ्यातली शेतं भिजवतो. स्की करणाऱ्यांचा आनंद आणि शेतकऱ्याचं पाणी असं एकाच ढगातून उतरतं.

गुलमर्गचं मैदान सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. तिथून गोंडोला, म्हणजे बंद पाळण्यांचा रोपवे, दोन टप्प्यांत वर जातो. पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला, तो कोंगदूरीपर्यंत. दुसरा २००५ चा, तो पार सुमारे ३,९५० मीटरपर्यंत, अफरवटच्या खांद्यावर नेऊन सोडतो. हे उतार ईशान्येकडे तोंड करून आहेत. थंडीत त्यांच्यावर ऊन तिरपं आणि थोडा वेळ पडतं, म्हणून बर्फ बरेच दिवस कोरडा, भुरभुरा राहतो. जगभरचे स्कीपटू इथे येतात ते या भुरभुऱ्या बर्फासाठी.

ज्या सकाळी मी तिथे होतो तेव्हा मैदानावर जेमतेम गुडघ्याखालपर्यंत बर्फ होता. दुसरा टप्पा बंद होता. वर गस्ती पथकाचं काम चाललं होतं. ताजा बर्फ पडला की हे लोक सगळ्यांच्या आधी उतारावर जातात, बर्फ खणून त्याचे थर तपासतात आणि जिथे धोका दिसेल तिथे छोटे स्फोट करून हिमलोट आपणच पाडून टाकतात. आम्ही खालीच राहिलो. माझे प्रशिक्षक टंगमर्गचे होते, वय साठीच्या आसपास, अंगात फेरन. ते म्हणाले, "सर, आज वर जाण्यात अर्थ नाही. आज मैदान बघा. असं मैदान वर्षातून एखाद्या वेळीच मिळतं." आणि खरोखर, उन्हाळ्यात जिथे गोल्फ खेळतात त्या सौम्य उतारांवर त्या सकाळी एकही रेघ उमटलेली नव्हती.

ताज्या बर्फाच्या घनफळात नव्वद टक्क्यांहून अधिक हवा असते. चांदणीसारखे सहा हात असलेले स्फटिक एकमेकांत अडकून पोकळ थर रचतात. रुंद, लांब स्की त्यावर वजन पसरवते, म्हणून माणूस बुडत नाही. दाबून घट्ट केलेल्या बर्फावर वळायचं असेल तर बाहेरच्या पायावर भार देऊन स्कीची धार रुतवावी लागते. भुरभुऱ्या बर्फात ती सवय सोडावी लागते. एका पायावर भार दिला की ती स्की खाली जाते आणि दुसरी वर राहते. दोन्ही पाय जवळ, भार सारखा, नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली आणि गुडघे मोकळे. नवशिक्याला भीतीने मागे रेलावंसं वाटतं. मागे रेललं की स्कीची टोकं हाताबाहेर जातात. हे सगळं सांगायला सोपं, शरीराला पटायला वेळ लागतो. पण एकदा पटलं, की वळण घेताना पायाखाली काही टणक लागतच नाही. उतार आपल्याला उचलून घेतो आणि हलकेच पुढच्या वळणावर ठेवतो. त्या वेळचा आनंद मला दुसऱ्या कुठल्याही खेळात मिळालेला नाही.

पण पहिला बर्फ फसवतोही, आणि हे मला आवर्जून सांगायचं आहे. त्याखाली अजून तळ तयार झालेला नसतो. दगड, तोडलेल्या झाडांचे बुंधे, ओढ्यांच्या खाचा, सगळं पातळ पांढऱ्या चादरीखाली लपलेलं असतं. म्हणून जाणकार हंगामाच्या सुरुवातीला जुनी, ओरखडे पडलेली स्की काढतात आणि जिथली जमीन उन्हाळ्यात पाहिलेली आहे अशाच गवताळ भागावर उतरतात.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. सुरुवातीचा बर्फ पातळ असतो आणि मग काही दिवस आभाळ निरभ्र राहतं. जमिनीचं तापमान शून्याच्या आसपास टिकून असतं, वरचा पृष्ठभाग मात्र रात्री फार खाली जातो. या फरकामुळे खालच्या बर्फातलं बाष्प वर सरकतं आणि तळाशी मोठे, सुटे दाणे तयार होतात. मुठीत घेतले तरी त्यांचा गोळा होत नाही. पुढे जानेवारीत दोन-तीन फूट जड बर्फ या सुट्या दाण्यांवर येऊन बसतो. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर असा थर एका माणसाच्या वजनानेही निसटू शकतो. म्हणजे फेब्रुवारीतल्या हिमलोटाचं बीज कित्येकदा डिसेंबरच्या त्या देखण्या पहिल्या बर्फातच पडलेलं असतं. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटच्या हापतखूड भागात हिमलोटात दोन पोलिश स्कीपटूंचा मृत्यू झाला. फेब्रुवारी २०१० मध्ये लष्कराच्या तिथल्या प्रशिक्षण केंद्राच्या जवानांवर हिमलोट कोसळला होता. त्यात १७ जवान गेले. गोंडोलाच्या नियंत्रित उताराबाहेर जायचं तर अंगावर गाडलेल्या माणसाचा ठाव देणारं शोधयंत्र, पाठीवर फावडं आणि बर्फात खुपसून शोध घेण्याची लांब सळई हवी. सोबत हे वापरता येणारा जोडीदार आणि डोंगर जाणणारा वाटाड्याही हवाच.

आणि बर्फ आलाच नाही तर? २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गचं मैदान तपकिरी होतं. ऐन चिल्लई कलानमध्ये गवत दिसत होतं. खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा तिथला भाग फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत पुढे ढकलावा लागला. २०२५ मध्ये तर त्या मार्चमध्ये झाल्या. गुलमर्गचा सारा भरवसा आभाळावर आहे. ज्या घरात प्रशिक्षक, स्लेज ओढणारा आणि स्की भाड्याने देणारा असे तिघे भाऊ असतील, त्या घरात कोरडा डिसेंबर म्हणजे रिकामा डिसेंबर. याच परिसरातला स्कीपटू आरिफ खान २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता. जायंट स्लॅलममध्ये तो ४५ वा आला. ज्या उतारांनी त्याला घडवलं, त्यांच्यावर पुढच्या मुलांना शिकायला बर्फ मिळायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

श्रोतेहो, सह्याद्रीत भटकणाऱ्यांचे पाय आणि तोल या खेळाला उत्तम जुळतात. हिवाळ्यात काश्मीरला जाणार असाल तर गुलमर्गसाठी एक दुपार ठेवू नका, निदान तीन-चार दिवस ठेवा. पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था तिथे आहे, तिचे अभ्यासक्रम पाहा. नाहीतर परवानाधारक स्थानिक प्रशिक्षक घ्या आणि त्याचा मोबदला घासाघीस न करता द्या. पहिले दिवस मैदानावरच काढा. आणि गस्ती पथकाने वरचा टप्पा बंद ठेवला असेल तर त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांचे आभार माना.