जठराचा कर्करोग आणि आपले मौन

(धर्मापुरी येथील ज्ञातिमेळाव्यात केलेले भाषण)



श्रीकेदारेश्वराच्या या गावी, आनंदाच्या प्रसंगी, रोगाची कथा काढल्याबद्दल आम्ही आरंभीच क्षमा मागतो. परंतु जी गोष्ट आपण घरात दडवितो, ती येथे तरी स्पष्ट बोलली पाहिजे.

आमच्याच घरातील एका वडीलधाऱ्या बाईंच्या जठरातील कर्करोगाची गाठ शस्त्रक्रियेने काढली होती. पुढे पाच वर्षे त्या घरचे व शेतातले काम करीत होत्या. मग कंबर दुखू लागली, चेहरा पांढुरका पडला, हिरड्यांतून रक्त येऊ लागले. आम्ही तेल चोळले, रक्तवाढीच्या गोळ्या आणल्या. घरात लग्नाच्या मुली होत्या. म्हणून डॉक्टरांपुढेही जुन्या शस्त्रक्रियेचा उल्लेख टाळला. कागद पेटीत राहिले आणि रोग हाडांत वाढत राहिला.

हे कसे घडते? जठरातील रोगाच्या काही पेशी रक्तावाटे अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांतील ज्या मगजात रक्त तयार होते तेथे, पोहोचतात आणि कधी कधी वर्षानुवर्षे निपचित राहतात. कर्करोगाच्या प्रसाराला इंग्रज शस्त्रवैद्य स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली बी आणि जमीन यांची उपमा दिली. ज्वारी पेरणाऱ्या आपणांस ती समजावून सांगावयास नको. बी सर्वत्र पडले तरी मानवेल त्या जमिनीतच रुजते. ते मज्जेत फोफावले की रक्तनिर्मितीस जागा उरत नाही. मग पांडुरोग, रक्तस्राव आणि हाडदुखी एकत्र येतात. असा प्रसार विरळा खरा, पण शस्त्रक्रियेनंतर कित्येक वर्षांनीही होतो. रक्ततपासणीत संशय येतो. मज्जेचा अंश तपासल्यावर निश्चिती होते.

या अवस्थेत रोग सहसा समूळ जात नाही. तथापि औषधोपचाराने, रक्त चढविल्याने व वेदनाशमनाने काही दिवस सुसह्य होतात आणि रोग्याला आपल्या माणसांशी मनातले बोलता येते. आम्ही तेही दिवस गमावले.

म्हणून विनंती एवढीच, की जुने कागद सोबत घ्या आणि अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात किंवा बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयात सर्व हकीकत सांगा. कर्करोग स्पर्शाने जडत नाही. जठराचा बहुतांश कर्करोग आनुवंशिकही नसतो. मुलींच्या लग्नासाठी घरातले दुखणे झाकावे लागते, हा दोष रोगाचा नव्हे; सोयरीक जुळविणाऱ्या आपणा सर्वांचा आहे. याच मेळाव्यात सोयरिकी ठरतात. तो दोष दूर करण्याचा आरंभही येथूनच व्हावा, ही प्रार्थना.