चूक दडपूं नये, वाचावी



ज्याचें आयुष्य मुलांच्या वह्या तपासण्यांत गेलें, त्या मजसारख्या मॅट्रिक झालेल्या मास्तरानें संगणकाच्या प्रोग्रामांविषयीं बोलावें, याचें आपणांपैकीं कांहींना नवल वाटेल. तथापि वह्या तपासतांना जें शिकलों तेंच या कामीं उपयोगी पडलें, म्हणून हें धाडस करीत आहें.

निवृत्तीनंतर आमच्या पेठेंतील एका लहानशा वाचनालयाची देवघेव संगणकावर आणण्याचें काम मीं अंगावर घेतलें. त्यासाठीं जँगो नांवाचें फ्रेमवर्क निवडलें. सर्व्हरवर चालणाऱ्या संकेतस्थळास जी नित्याची सामग्री लागते, म्हणजे सभासदांचा प्रवेश, भरावयाचे अर्ज, डेटाबेसशीं व्यवहार, ती सारी यांत तयार मिळते. आपण आपल्या कामापुरतें पायथन भाषेंत लिहावयाचें. अमेरिकेंतील कॅन्सस राज्यांत, लॉरेन्स येथील एका वृत्तपत्राच्या कचेरींत हें फ्रेमवर्क जन्मलें आणि २००५ सालीं तें सर्वांस खुलें झालें. नांव ठेवलें तें जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचें. १९२८ सालच्या आगींत त्याच्या डाव्या हाताचीं दोन बोटें अधू झालीं, तरी त्यानें वादनाची निराळी रीत बसविली. अडचणींतून वाट काढणाऱ्याचें हें नांव मला शुभशकुनाचें वाटलें. कारण अडचणी लागलीच सुरू झाल्या.

पहिल्याच आठवड्यांत पुस्तकांची यादी उघडतांच पडदाभर अगम्य मजकूर उमटला. माझी छाती दडपली. पुढें कळलें कीं, टर्मिनलवरील हा मजकूर शेवटून वाचावयाचा असतो. अगदीं खालच्या ओळींत चुकीचें नांव असतें आणि वरच्या ओळींत ती कोणत्या मार्गानें घडली तें दिलेलें असतें. माझ्या शेवटच्या ओळीचा अर्थ इतकाच होता कीं, असा तक्ताच डेटाबेसांत नाहीं. मीं प्रोग्रामांत तक्त्याचें वर्णन केलें होतें. तक्ता बांधावयास सांगितलेंच नव्हतें. घराचा नकाशा काढला म्हणजे भिंती उभ्या राहत नाहींत. येथें दोन आज्ञा द्याव्या लागतात. ‘मेकमायग्रेशन्स’ ही आज्ञा बदलाची नोंद तयार करते आणि ‘मायग्रेट’ ती अमलांत आणते. पुष्कळ जण पहिली देऊन दुसरी विसरतात.

दुसरी अडचण मंदपणाची. शंभर उसनवाऱ्यांचें पान उघडावयास फार वेळ लागूं लागला. तपासतां असें दिसलें कीं, प्रोग्राम एकदां यादी आणी. मग प्रत्येक ओळीसाठीं पुस्तकाचें नांव विचारावयास एक खेप आणि सभासदाचें नांव विचारावयास दुसरी. एकूण २०१ खेपा! घरांतील मुलाला वाण्याकडे आधीं मिठासाठीं, मग गुळासाठीं, मग जिऱ्यासाठीं पिटाळावें, तसला हा प्रकार. ‘सिलेक्ट रिलेटेड’ ही सूचना दिली कीं सारी यादी एकाच खेपेंत येते. जेथें एका पुस्तकाच्या अनेक उसनवाऱ्या हव्या असतात, तेथें ‘प्रीफेच रिलेटेड’ वापरावें. मग दोन खेपांत काम भागतें.

तिसरी अडचण मात्र माझी परीक्षा पाहणारी ठरली. नवा सभासद नोंदविण्याचा अर्ज धाडला कीं सर्व्हर ४०३ हा आंकडा दाखवून तो नाकारी. नातू जवळच होता. तो म्हणाला, “आजोबा, सेटिंग्जमधली ती एक ओळ काढून टाका ना! मग सगळं चालतं.” मीं ती ओळ काढली. अर्ज निमूटपणें जाऊं लागला. परंतु रात्रीं झोंप येईना. गणिताचें उत्तर चुकलें म्हणून शेजाऱ्याच्या वहींतून उतरवून घेणाऱ्या किती मुलांना मीं बाकावर उभें केलें होतें! आज मीं दुसरें काय केलें?

सकाळीं समजावून घेतलें. समजा, आमच्या ग्रंथपालबाई वाचनालयाच्या स्थळावर प्रवेश करून बसल्या आहेत आणि त्याच ब्राउझरांत एखादें लबाड पान उघडलें गेलें. त्या पानांत लपविलेला अर्ज बाईंच्या नकळत आमच्या सर्व्हरकडे धाडला जाईल, आणि ब्राउझरनें बाईंच्या ओळखीची कुकी त्यास जोडली, तर सर्व्हरला तो बाईंचाच वाटेल. कुकीचे हल्लींचे नियम हा धोका पुष्कळ कमी करतात. परंतु दाराला एक कडी आहे म्हणून कुलूप काढून ठेवूं नये. यासाठीं जँगो प्रत्येक अर्जांत एक गुप्त खूण मागतें. ती परक्या पानाला वाचतां येत नाहीं. अर्जाच्या साच्यांत ‘सीएसआरएफ टोकन’ ही एवढीशी सूचना घातली कीं ती खूण आपोआप येते. मीं ती घालावयास विसरलों होतों, आणि चूक माझी असतां पहारेकऱ्यालाच घरीं पाठविलें होतें!

काढलेली ओळ मीं परत लिहिली, सूचना घातली आणि अर्ज रीतसर गेला. सभासदांनीं आपलीं नांवें व पत्ते आमच्या विश्वासावर दिलेले आहेत. त्यांच्या रक्षणापुढें माझी घटकाभराची सोय ती काय?

नातवाला मीं रागावलों नाहीं. त्याला शेजारीं बसविलें आणि ४०३ च्या पानावरील मजकूर मोठ्यानें वाचावयास सांगितला. उपाय तेथेंच लिहिलेला होता. आम्हां दोघांनींही तो वाचला नव्हता. आपल्या घरांतील मुलें आज असल्या कामांत गुंतलेलीं असतील. त्यांना यांतील तंत्र आपणांस शिकवितां न आलें तरी चालेल. पण चुकीचा निरोप शेवटपर्यंत वाचल्याखेरीज ती पुसूं नये, एवढें आपण त्यांस खचित सांगूं शकतों.