इंधनविक्रेत्याचा संगणकी हिशेब


भारजा नदीच्या मुखाशीं वसलेल्या केळशीसारख्या बंदरगांवीं डिझेल पुरविणें हा केवळ माप घालण्याचा धंदा नव्हे. तो विश्वासाचा धंदा आहे. होडी समुद्रांत जाण्यापूर्वीं इंधन घेते आणि पैसे पुष्कळदां मासळी विकल्यावर येतात. अशा विक्रेत्यानें चोपडी सोडून संगणकावर हिशेब ठेवावयाचें ठरविलें, म्हणजे त्याच्यापुढें प्रश्न उभा राहतो: बाजारांतील तयार आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, विकत घ्यावी, कीं एखाद्या जाणकाराकडून आपल्या गरजेप्रमाणें नवी लिहवून घ्यावी?

प्रथम तयार आज्ञावलीची बाजू पाहूं. रोजकीर्द, खतावणी, ताळेबंद हीं सर्व व्यापाऱ्यांचीं सारखींच असतात. कायदा बदलला म्हणजे आज्ञावली विकणारी संस्था सर्वांसाठीं एकदांच दुरुस्ती करते आणि तिचा खर्च सर्व गिऱ्हाइकांत वांटला जातो. १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर आला. पेट्रोल व डिझेल त्यांतून वगळून राज्याच्या मूल्यवर्धित कराखालींच राहिलीं. वंगणतेल मात्र नव्या कराखालीं गेलें. एकाच दुकानांत दोन कायदे! एकट्या दुकानासाठीं लिहिलेल्या आज्ञावलींत हा बदल कोणी आणि किती दिवसांत केला असता?

परंतु दुसरी बाजूहि तितकीच खरी आहे. डिझेल उष्णतेनें फुगतें व थंडीनें आकसतें. दहा हजार लिटर डिझेल टाकींत पांच अंशांनीं निवालें, तर मापांत सुमारें ४० लिटर कमी भरतें. साध्या मालसांठ्याच्या हिशेबांत ही निव्वळ तूट दिसते आणि चोरीचा आळ टाकी सांभाळणाऱ्या नोकरावर येतो. शिवाय १६ जून २०१७ पासून पेट्रोल-डिझेलचे दर रोज ठरविण्याची पद्धत देशभर सुरू झाली. तेव्हां उधारीच्या प्रत्येक उचलीस त्या दिवसाचाच भाव लागला पाहिजे. होडीवार उधारी, मोजकाठीचें माप, उष्णतामान व घनता यांची सांगड सर्वसाधारण हिशेबी आज्ञावली आपण होऊन घालीत नाहीं.

यास्तव दोहोंतून एकच निवडण्याचा हट्ट नसावा. पैशाचा व करांचा हिशेब तयार आज्ञावलींत ठेवावा. टाकी आणि होड्या यांची नोंद तेवढी वेगळी करवून घ्यावी. १९८६ सालीं आरंभ झालेल्या संस्थेच्या सुपरिचित टॅलींत अशी भर घालण्याची सोय आहे. पेट्रोलपंपांसाठीं केलेल्या तयार आज्ञावल्याहि मिळतात. त्या प्रथम पाहाव्या आणि आपल्याच मागील महिन्याच्या चोपडीवरून पारखाव्या. नंतरहि कांहीं आठवडे चोपडी व संगणक दोन्ही चालू ठेवावीं.

लिहवून घेतांना करार लेखी असावा. मूळ आज्ञालेख मालकाच्या हातीं यावा आणि सर्व नोंदी केव्हांहि साध्या तक्त्याच्या रूपानें बाहेर काढतां याव्या. लिहिणारा उद्यां पुण्यामुंबईस गेला, तर दुरुस्ती कोण करील, हें आजच ठरवावें. वीज वा इंटरनेट गेलें असतां पावती कशी द्यावयाची, हेंहि विचारून घ्यावें.

तांडेलाला त्याचें खातें कोणत्याहि दिवशीं बिनचूक दाखवील आणि निरपराध नोकरावरील आळ टाळील, तीच आज्ञावली या धंद्याच्या कामाची. मग ती विकत घेतलेली असो वा लिहवून घेतलेली.